मागे अजून एक

१

आमच्या घळीत चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट नाही. नदीचं पात्र हीच वाट, आणि गाड्यांनाही तीच. नदी म्हणायचं ते सवयीने. हिवाळ्यात घोटाभर पाणी असतं, कधी या भिंतीच्या कडेने, कधी त्या, आणि मधेच वाळूत शिरून दिसेनासं होतं. दोन्ही बाजूंना तांबड्या दगडाचे उभे कडे. सुट्टीच्या दिवशी फिनिक्स शहराकडून जीपा येतात, मोटारसायकली येतात, आणि त्या वरून उघड्या, लोखंडी पिंजऱ्यासारख्या, जाड टायरांच्या बग्ग्या. आता तर आमच्या सान तादेओ गावातही घरोघरी एक उभी असते. तांब्याची भट्टी बंद पडली, हाताला काम राहिलं नाही, म्हणून बाप्यांनी बग्ग्या घेतल्या आणि धूळ उडवायचं काम सुरू केलं, असं माझी बायको म्हणायची.

घळीत चालायची एक रीत आहे. गाडीचा आवाज आला की चालणाऱ्याने कडेच्या उंचवट्यावर चढून उभं राहायचं. पहिल्या गाडीचा चालक जाताना बोटं वर करतो, मागे किती गाड्या आहेत ते सांगायला. शेवटचा मूठ दाखवतो. म्हणजे माझ्यामागे कोणी नाही, आता उतरा. आपण हात वर करून आभार मानायचे, तोंडातली धूळ थुंकायची आणि पुढे चालू पडायचं.

ओतिलिया, माझी तिली, आणि मी लग्न झाल्यापासून हिवाळाभर या घळीत चालत आलो. तिचं घराच्या पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान होतं. दिवसभर उभं राहून तिचे पाय दुखायचे, तरी म्हणायची, चल तिथे, माझे पाय वाळूत गेले की गप्प बसतात. मग तिला विसरायचा आजार झाला. आधी नावं गेली, मग कात्री गेली, मग कोणती खोली कुठे आहे तेही गेलं. घळ तेवढी राहिली. घरात ती दारं उघडून बघत हिंडायची, पण वाळूत पाय ठेवला की बरोबर चालायची. म्हणून मी तिला नेत राहिलो.

फेब्रुवारीतली सकाळ होती. तीन जीपा आल्या. आम्ही आलामोच्या झाडाखाली चढून उभे राहिलो. पहिल्याने दोन बोटं दाखवली, मागच्या दोन्ही गेल्या, शेवटच्याने मूठ दाखवली. मी उतरायला लागलो तर तिलीने माझी बाही धरली.

"थांब. अजून एक आहे."

"त्याने मूठ दाखवली, तिली."

"त्याने दाखवली. त्याला मागचं काय माहीत?"

मी थांबलो. तिच्याशी वाद घालायचे दिवस संपले होते. माझे कान भट्टीत गेलेले, तीस वर्षं क्रेनवर बसून. कानात यंत्र घालतो, त्यात वारा आणि गाडी एकच वाटते. मला वाराच ऐकू येत होता. आलामोची वाळकी पानं वाजत होती. तिलीने मान खालच्या अंगाला वळवली, आणि मग हळूहळू, समोरून काहीतरी जात असावं तशी, वरच्या अंगापर्यंत फिरवली. मधेच तिने हात वर करून आभार मानले.

"गेली," ती म्हणाली. "चल आता."

आमच्या पुढ्यात धूळ होती. ती त्या जीपांची असणार, असं मी म्हटलं. पण जीपा जाऊन बराच वेळ झाला होता, आणि आमच्या घळीतली धूळ तांबडी असते. ही राखेसारखी पांढरट होती.

२

घरी आल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो, कारण तिला एकटीला तिथे सोडत नव्हतो. ती शेगडीसमोर उभी होती.

"एवारिस्तो, शेगडीची बटणं कुठे ठेवलीस?"

गॅस उघडा राहील म्हणून बटणं मी वर्षापूर्वी काढून टाकली होती. पण मी दारात थिजलो तो बटणांमुळे नाही. कित्येक महिन्यांत तिने माझं नाव घेतलं नव्हतं. बरा मूड असला तर मला ती 'मिस्टर' म्हणायची, आणि घाबरलेली असली तर 'तो माणूस'.

"हत्यारांच्या पेटीत आहेत," मी म्हणालो.

"मग आण की. का मी पक्कड लावून स्वयंपाक करू?"

मी बटणं आणली. तिने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच बसवली. तिने पीठ घेतलं, चरबी चोळली, कोमट पाणी घातलं, कुणालाही काही न विचारता. तव्यावर तोर्तिया फुगली. पहिली तिने माझ्या हातावर टाकली, लोणी लावून, मीठ भुरभुरवून. मी उभ्यानेच खाल्ली. मग मागच्या अंगणात गेलो आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहून रडलो.

संध्याकाळी मारिसेलाला फोन लावला. मारिसेला आमची एकुलती एक. टूसॉनला असते.

"आईने माझं नाव घेतलं," मी सांगितलं.

ती म्हणाली, "पापा, डॉक्टर म्हणाले होते ना, असे चांगले दिवस मधूनच येतात. तुम्ही त्यावर फार मदार ठेवू नका."

"तोर्तिया केल्या तिने."

"माझ्यासाठी ठेवल्यात का एखादी?" ती हसत म्हणाली, आणि हसता हसता तिलाही रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिलीने मला विचारलं, "मिस्टर, तुम्ही इथेच राहता का?"

३

त्यानंतर मी तिला जास्त नेऊ लागलो. लपवायचं कशाला, मला त्या शेवटच्या गाडीची वाट असायची. प्रत्येक वेळी यायची असं नाही. पण खऱ्या गाड्यांचा घोळका येऊन गेला, मूठ दाखवून झाली, की कधी कधी तिली माझी बाही धरायची. ज्या दिवशी बाही धरली, त्या दिवशी घरी माझी बायको यायची. आधी एक संध्याकाळ. मग पुढचा दिवसही. मग दोन-तीन दिवस सलग.

मी मूर्ख नाही. मी स्वतःशी सगळं मांडून पाहिलं. घळीत आवाज भिंतींवर आपटून उलटसुलट येतात, वर गेलेली गाडी खालून येतेय असं वाटतं. माझे कान निकामी, तिचे अजून शाबूत, तेव्हा तिला ऐकू येईल ते मला येणार नाही. चालण्याने रक्त फिरतं आणि डोकं साफ होतं, हे डॉक्टरच म्हणाले होते. हे सगळं खरं होतं. पण एकदा आम्ही पाण्याच्या कडेला उभे होतो. पाणी काचेसारखं स्थिर होतं, वारा नव्हता. तिलीने मान फिरवली, हात वर केला, आणि मग पाण्यात दोन समांतर रेघांतून लाटा उठून आमच्या बुटांपर्यंत आल्या.

मी म्हटलं, मासा असेल. त्या पाण्यात बोटाएवढाही मासा नाही.

घळ जिथे रुंद होते, कडे मागे सरतात आणि बसायला सपाट दगड आहेत, त्या जागेला आमच्या गावात दिवाणखाना म्हणतात. तिथे वारा पोचत नाही. आपण बोललो तर आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून कुणी बोलल्यासारखा येतो. तिथे बसून आम्ही तोर्तियात भात गुंडाळलेले बरीतो खात होतो, तेव्हा मी तिला विचारलं.

"त्या गाडीत कोण असतं, तिली?"

"चांगली माणसं आहेत."

"ओळखीची?"

तिने घास चावून गिळला. "मी नाही ओळखत. ते मला ओळखतात."

"काही बोलतात?"

"विचारतात, दमलीस का."

"मग तू काय सांगतेस?"

"काय सांगणार? दमते मी," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावर पडलेलं भाताचं शीत उचलून तिने तोंडात टाकलं. "तूही दमतोस. पण तुला नाही विचारत ते."

मी तिला घेऊन पुन्हा यायला नको होतं. ते मला त्याच दगडावर कळलं होतं. पण त्या संध्याकाळी ती अंगणात खुर्ची टाकून बसली आणि मारिसेलाच्या जन्माच्या रात्री मी दवाखान्याऐवजी चुकून शेरीफच्या कचेरीत गाडी नेली होती ती गोष्ट तिने सांगितली, माझी नक्कल करत. असं असल्यावर कोण घरी बसेल?

४

मार्चमध्ये एकदा तिने माझ्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय हे रान वाढवलंयस. बस खुर्चीत."

पुढची खोली मी बंदच ठेवली होती. तिने पडदे उघडले, आरसा पुसला, खुर्चीवरची चादर झटकली. कात्र्या ड्रॉवरमध्ये कापडात गुंडाळलेल्या होत्या, तशाच मिळाल्या. तिने माझ्या गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि फवारा मारला. दोन वर्षांत मी गावातल्या न्हाव्याकडे गेलो नव्हतो. स्वतःच रेझरने उरकत होतो. दुसऱ्या कुणापुढे मान वाकवायला मन घेत नव्हतं.

कात्री चालू झाली. त्या आवाजाने माझे डोळे मिटले. ती बोलत होती, दुकानात बोलायची तशी, कुणाचं काय चाललंय ते.

"फाउस्ताच्या लग्नात मी सगळ्या बायकांची केशभूषा केली होती. रात्रभर. आणि सकाळी माझेच केस विंचरायचे राहिले."

"कोण फाउस्ता?"

"माझी बहीण. दुसरी कोण असणार?"

तिलीला चार भाऊ आहेत. बहीण नाही. मी डोळे उघडले आणि आरशात पाहिलं. कात्री तिच्या डाव्या हातात होती.

आरशात सगळं उलटं दिसतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण माझ्या डाव्या खांद्याला तिचं कोपर लागत होतं. आणि हात सफाईने चालत होता, जन्मभर तोच चालत आल्यासारखा. तिली उजव्या हाताने कापायची. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा होता तिला, मी अंधारातसुद्धा तो ओळखत असे.

डॉक्टर म्हणाले होते की या आजारात आठवणींची सरमिसळ होते, ऐकलेलं स्वतःचं वाटतं. हातांचीही होत असेल. मेंदू तो, त्याचं काय सांगावं?

कापून झालं. मी मान पुढे झुकवून थांबलो. तिली नेहमी शेवटी मानेवर फुंकर मारायची, टॉवेल काढायच्या आधी. गिऱ्हाइकांना नाही, फक्त मला. लग्नाआधी, मी पहिल्यांदा तिच्या खुर्चीत बसलो होतो तेव्हा तिने ती मारली होती, आणि मी दर आठवड्याला केस कापायला येऊ लागलो होतो. गाव हसायचं, एवारिस्तोचं डोकं आता खरबुजासारखं दिसतं म्हणून.

तिने ओला रुमाल घेतला, मान नीट पुसली, कोरडी केली, टॉवेलची घडी घातली.

"झालं," ती म्हणाली.

मी तसाच वाकून बसून राहिलो, थोडा वेळ.

५

मी घळीत जाणं बंद केलं.

ती तोर्तिया करणारी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी शेगडीपुढे उभी राहून तिला काय करायचं ते सुचेना. मी बटणं पुन्हा काढली. आठवड्याभरात ती परत दारं उघडून बघत हिंडायला लागली. मोरीत जाऊन म्हणायची, हे माझं घर नाही. संध्याकाळी आईला हाका मारायची. एकदा मी तिला आंघोळ घालत होतो तर तिने मला ओरबाडलं आणि मग माझ्या हातावरचं रक्त पाहून तीच रडायला लागली, कुणी लावलं हे म्हणून.

मारिसेला फोनवर म्हणाली, "पापा, चालण्याने आईला इतका फरक पडत होता. मग का सोडलंत?"

"गुडघे दुखतात माझे."

"मग मी येते, मी नेते."

"नको," मी म्हणालो. "तिकडे गाड्या फार झाल्यात."

एका सकाळी मी तिच्या पायाशी बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो. ती पलंगाच्या कडेला बसली होती, कुठे पाहत होती कुणास ठाऊक. त्या दिवशी तिने अजून एक शब्दही उच्चारला नव्हता. मी गाठ मारायला खाली वाकलो, आणि माझ्या मानेवर तिने फुंकर मारली.

मी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी कोण ते तिला माहीत नव्हतं, हे बूट कुणाचे तेही नाही. पण ही माझी होती. हे मी कसं समजावून सांगू? जिने तोर्तिया केल्या, माझी नक्कल केली, माझं नाव घेतलं, ती कोण होती ते मला ठाऊक नाही. ही ओरबाडणारी, वाट चुकणारी, मला मिस्टर म्हणणारी, ही तिली होती. तिचं डोकं मी पोटाशी धरलं. तिने धरू दिलं.

६

एप्रिलच्या सुरुवातीला माझा भट्टीतला जोडीदार गेला. शवपेटीला खांदा द्यायला मला जाणं भाग होतं. मारिसेला आणि तिचा नवरा ट्रेव्हर आदल्या दिवशी येऊन राहिले, आईजवळ थांबायला. ट्रेव्हर बग्गी मागे जोडून घेऊनच आला होता. तो टूसॉनचा, गोरा, मनाने चांगला पोरगा. मला सर म्हणतो.

निघताना तिली हिरवा स्वेटर घालत होती. बटणं तिने स्वतः लावली, एक काज चुकवून, आणि माझ्याकडे पाहून हसली. मी ती नीट करायला गेलो नाही. तिने स्वतः लावली होती ना.

चर्चमधून परत आलो तर घर रिकामं. टेबलावर मारिसेलाची चिठ्ठी होती, आईला जरा बग्गीतून घळीत फिरवून आणतो, फारच आनंदात आहे.

मी त्या काळ्या कोटातच निघालो. भर दुपार होती. घळीच्या तोंडाशी गाडी सोडली आणि पाण्यातूनच चालत सुटलो. बूट भिजून जड झाले. कानातलं यंत्र पाण्याच्या आवाजाने भरून गेलं होतं, ते मी काढून खिशात टाकलं. मग काहीच ऐकू येईना, फक्त माझा श्वास. कड्यांच्या सावल्या अगदी आखूड झाल्या होत्या. दिवाणखान्याच्या अलीकडे पायांखाली वाळू थरथरली. मी सवयीने उंचवट्यावर चढलो.

ट्रेव्हरची बग्गी वळणावरून आली. मागच्या बाकावर मारिसेला, पुढे ट्रेव्हरच्या शेजारी तिली, डोक्याला रुमाल, गाल तांबूस, तोंडभर हसू. तिने मला पाहिलं आणि जोरात हात हलवला. ओठांवरून मला कळलं, माझं नाव घेत होती. स्वेटरची बटणं सगळी नीट लावलेली होती.

आणि ट्रेव्हरने एक बोट वर केलं.

बग्गी माझ्यापुढे थांबायला लागली. मी तिकडे पाहिलं नाही. मी वळणाकडे पाहत होतो.

आधी धूळ आली, पांढरट. त्या धुळीत काहीतरी होतं, गाडीच्या उंचीचं, हळू चालणारं. पुढे कोण बसलं होतं ते मी पाहिलं नाही, आणि आज मला वाटतं की पाहिलं नाही तेच बरं. माझी नजर मागे होती. मागच्या बाकावर दोघांच्या मधे, हात मांडीवर ठेवून, तिली बसली होती. हिरवा स्वेटर, बटणाचं एक काज चुकलेला. ती कड्यांकडे बघत होती, आकाशाकडे बघत होती, लहान मूल पहिल्यांदा प्रवासाला निघाल्यावर बघतं तसं. मग तिने मला पाहिलं. काळ्या कोटातला एक म्हातारा, गाडीला वाट द्यायला कडेला उभा.

तिने हात वर केला आणि किंचित मान लववली. वाट सोडणाऱ्या परक्या माणसाचे मानतात, तसे आभार.

मी हाक मारली असेन. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. धूळ माझ्या तोंडात गेली, आणि ती खाली बसली तेव्हा वाळू होती, पाणी होतं, आणि मारिसेला माझा दंड धरून काहीतरी विचारत होती.

"तू बोट का दाखवलंस?" घरी आल्यावर मी ट्रेव्हरला विचारलं.

"मागे एक गाडी होती ना, सर. वरच्या अंगापासून आमच्या मागेच होती."

"कुठली गाडी?" मारिसेला म्हणाली. "मी मागेच बसले होते. कोणी नव्हतं."

ट्रेव्हरने खांदे उडवले. "धूळ तर दिसत होती."

"बसा सगळे," स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "एवारिस्तो, बटणं दे शेगडीची."

७

ती पुन्हा विसरली नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासण्या केल्या, आणि मग आधीचं निदानच चुकलं असावं असं म्हणून कागद मिटले. गावातल्या बायकांनी चर्चमधल्या संत तादेओच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या. मारिसेला दर रविवारी येते, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडते, आणि मी ते बघतो. तिला मी काय सांगू? तिला तिची आई मिळाली.

जूनमध्ये आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मारिसेलाने केक आणला, शेजारी आले. कुणीतरी म्हणालं, लग्नाची गोष्ट सांगा. तिने सांगितली. बँडवाले प्यालेले होते ते, माझ्या आईने बुटात नाणं ठेवलं होतं ते, एकही तपशील चुकला नाही. सगळे हसत होते.

"आणि चर्चच्या पायऱ्यांवर ऊन असं पडलं होतं," ती म्हणाली, "की तिची जाळीची ओढणी पेटल्यासारखी दिसत होती. किती देखणी दिसत होती ती."

ती 'माझी' नाही, 'तिची' म्हणाली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

वाईट बाई नाही ती. हे मला सांगितलंच पाहिजे. माझं पथ्य सांभाळते, रात्री माझ्या अंगावर पांघरूण घालते, आणि पलंगाच्या कडेला, अंतर राखून, झोपते. मी कण्हलो तर उठून पाणी देते. माझी बायको गेली आहे आणि तिच्यासाठी मी काळा कोट घालू शकत नाही, एक मेणबत्तीही लावू शकत नाही, कारण ती समोर ओट्यापाशी उभी राहून घेवडा निवडत असते.

जूनच्या उन्हात घळीत कोणी जात नाही. जीपा नाहीत, बग्ग्या नाहीत, दगडाला हात लावला तर भाजतो. मी वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी गेलो. पाणी पार आटलं होतं. दिवाणखान्याच्या अलीकडे, जिथे कडे इतके जवळ येतात की एकच गाडी जाईल, तिथे मी वाटेच्या मधोमध उभा राहिलो. कानात यंत्र घातलं, नवीन बॅटरी टाकून.

बराच वेळ गेला. मग इंजिनाचा आवाज आला, या वेळी मला, स्वच्छ, वरच्या अंगाने. मी हललो नाही. आवाज वळणापर्यंत आला आणि वळणाच्या पलीकडे थांबला. इंजिन चालूच होतं.

"का थांबलो आपण?"

तिचा आवाज. दुसऱ्या कुणाचाही असू शकत नाही असा, थोडा घोगरा, शेवटी वर चढणारा. कुणीतरी खालच्या पट्टीत उत्तर दिलं. मला शब्द कळले नाहीत.

"कोण उभं आहे पुढे?" ती म्हणाली. पुन्हा तो खालचा आवाज. मग ती म्हणाली, "बिचारा. ऊन लागेल की त्याला. बाजूला सावलीत व्हायला सांगा."

मी तोंड उघडलं. तिला हाक मारायची होती, पण कोण म्हणून मारू? माझं नाव सांगून तिला ते कळलं नसतं. घाबरली असती. मी मधोमध तसाच उभा राहिलो, हात पसरून. मला वाटत होतं की त्यांनी यावं, माझ्या अंगावरून जावं, किंवा मलाही विचारावं की दमलास का. एकदा तरी विचारावं.

इंजिनाचा आवाज बदलला. गाडी मागे जायला लागली. हळू, सावकाश, आत बसलेल्याला हिसका बसू नये अशी.

मी धावत वळण ओलांडलं. पलीकडे वाळू सपाट पसरली होती, वाऱ्याने विंचरलेली. तिच्यावर टायरची एक रेघ नव्हती. मी सावलीत जाऊन बसलो. तिने सांगितलं होतं म्हणून.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. टेबलावर एकच ताट मांडलेलं होतं. घेवडा शिजल्याचा वास येत होता. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. माझी पावलं ऐकून तिने हात पुसले, पण वळली नाही.

"भेटली का?" तिने विचारलं.

मी खुर्ची धरून उभा राहिलो. "आवाज ऐकला."

"घाबरलेली होती?"

"नाही."

तिने तव्यावरून तोर्तिया काढली, कापडात गुंडाळून माझ्या ताटाजवळ ठेवली, आणि पहिल्यांदाच माझ्या समोरच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून.

"सांग मला," ती म्हणाली. "कशी होती ती, ते सांग. दुसऱ्या कुणाला सांगशील तू?"

आणि मी सांगायला लागलो.